धाकटी आई

"धर तिला!" मालिता ओरडली, पण स्वतः जागची हलली नाही.

अंगणात मासळीला धुरी द्यायची भट्टी पेटलेली होती आणि तिच्यापासून हातभर अंतरावर चौदा वर्षांची फात्सानी जमिनीवर तडफडत होती. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली, ओठांच्या कडेला फेस. टाचा मातीत घासत घासत ती निखाऱ्यांकडे सरकत होती. तिची आई झेलिफा डोक्यावर दोन्ही हात ठेवून उभी होती. तिच्या तोंडून नुसतं "आई गं, आई गं" एवढंच निघत होतं.

"अगं धर! तुझीच आहे ना? ओढ तिला मागं!"

"तू धर ना गं! तुला तर आधीच आहे, तुला काय होणार?"

"मी हात लावला की उद्या तूच म्हणशील, मालितानं लावलं पोरीला. तू धर. नाहीतर बघत राहा. नुसतं उभं राहायची सवय आहेच तुला."

झेलिफा मालिताची सख्खी मोठी बहीण. सरोवराच्या काठावरचं हे अंगण त्यांच्या आईचं, म्हणून दोघींचं. समोरासमोर दोन झोपड्या, मध्ये भट्टी. पण दोघींनी एका ताटात मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा गोळा मोडून कित्येक वर्षं झाली होती. मालिताचा पेला वेगळा, थाळी वेगळी, बसायची चटई वेगळी. फेफरं असलेल्या माणसाची थुंकी लागली की आपल्यालाही धरतं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मालिता सोळा वर्षांची असताना ह्याच अंगणात, ह्याच जागी तिला झटका आला होता आणि ती चुलीत पडली होती. अंगण माणसांनी भरलेलं होतं. कुणी हात लावला नाही. रस्त्यानं रताळी विकायला चाललेल्या एका परगावच्या बाईनं टोपली टाकली आणि तिला पाय धरून बाहेर ओढलं. तोवर डाव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली होती. त्या गर्दीत सगळ्यात पुढे झेलिफा होती. त्या दिवसापासून मालिता तिला ताई म्हणत नव्हती. हाक मारायचीच वेळ आली तर "फात्सानीची आई" म्हणायची, जशी बाजारातली कुणीही बाई म्हणेल.

आणि गावात आणखीही एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. फेफऱ्याचं माणूस एकदा का आगीत भाजलं, की त्याचं फेफरं बरं होत नाही. मग त्याचा नादच सोडायचा.

फात्सानीची कोपरं निखाऱ्यांच्या जवळ आली. मालितानं मनाशी ठरवलं होतं, कातडीला झळ लागायच्या आत आपण झेप घ्यायची, पण तोवर नाही. निदान नंतर तिनं स्वतःला तसंच सांगितलं.

झेलिफानं एकदम किंकाळी फोडली, धावली आणि पोरीला काखेत हात घालून मागं खेचलं. खेचताना ती स्वतःच पाठीवर पडली आणि पोर तिच्या अंगावर. फेस झेलिफाच्या गळ्यावरून ओघळला. तो पुसायला तिनं हात उचलला आणि पुसायला कशानं, हे न सुचून तसाच धरून राहिली.

"कुशीवर वळव," मालिता म्हणाली. "तोंडात काही घालू नकोस. डोक्याखाली कापड दे. आता थांब. थांबेल ते."

ते थांबलं. फात्सानी घोरल्यासारखा श्वास घेऊ लागली. तिचा फ्रॉक ओला झाला होता. झेलिफानं कमरेला गुंडाळलेलं चितेंजेचं कापड सोडून तिच्या अंगावर टाकलं.

"कितव्यांदा?" मालितानं विचारलं.

झेलिफानं चितेंजे पोरीच्या पायांवर नीट ओढलं.

"हे पहिल्यांदा नाही. पहिल्यांदा असतं तर तू पळून गेली असतीस. कितव्यांदा?"

"तिसऱ्यांदा," झेलिफा म्हणाली. मग तिचा चेहरा फिरला. "तुझ्यामुळं! तुझ्या भट्टीचा धूर खाऊन खाऊन! आईला मी तेव्हाच सांगत होते, हिला वेगळं ठेवा, हिला वेगळं ठेवा."

"वेगळंच ठेवलंत की. ताटापासून दाल्ल्यापर्यंत."

मालिताच्या नवऱ्यानं लग्नाच्या पहिल्याच वर्षी आपली चटई गुंडाळली होती. जाताना बोलून काही गेला नाही. झेलिफानं त्याला आधी काय सांगितलं, हे मात्र मालिताला नंतर कळलं.

ती आत गेली. आपल्या झोपडीचं दार तिनं लावून घेतलं. बाहेर झेलिफा पोरीचं तोंड पुसत होती आणि रडत होती, ते तिला फटीतून दिसत होतं. बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही.

बुधवारी संध्याकाळी झेलिफा दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"तू त्या गोळ्या खातेस ना?"

"खाते."

"मग येत नाही तुला?"

"तू शेवटचं कधी पाहिलंस मला पडलेलं?"

झेलिफाला आठवेना. खरं तर गावात कुणालाच आठवलं नसतं. मालिताला झटका येऊन कितीतरी पावसाळे लोटले होते. पण आता येत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवायची कुणाला गरजच पडली नव्हती.

"घेऊन चल आम्हाला," झेलिफा म्हणाली. "पण रस्त्यानं बरोबर नको चालूस."

"तुझ्याबरोबर चालायची मला तरी कुठं हौस आहे?"

आरोग्य केंद्रात गुरुवारची एक वेगळी खिडकी होती. तिच्यापुढची रांग कशाची, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं, म्हणून रांगेतल्या बायका चितेंजे तोंडावरून ओढून घेत. मालिता तोंड उघडं टाकून उभी राहायची. झेलिफा तिच्यामागं चार माणसं सोडून उभी राहिली, जणू ओळखच नाही. आत मात्र तिघी एकदमच गेल्या.

म्सुक्वा डॉक्टर उत्तरेकडचा माणूस होता, बोलायला तुसडा आणि दिवसभराच्या रांगेनं कावलेला. त्यानं फात्सानीला दिव्याकडे बघायला लावलं, बोट नाकाला लावायला सांगितलं, गुडघ्यावर ठोकलं. मग झेलिफाकडे वळला.

"लहानपणी मोठा ताप आला होता हिला?"

"दोन वर्षांची होती. मलेरिया. तीन दिवस शुद्ध नव्हती. तेव्हाही अशीच हातपाय झाडत होती."

"मग हे तेव्हाचं. तापानं मेंदूत एक व्रण राहतो. वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि एक दिवस तिथून वीज उसळल्यासारखं होतं. सगळं अंग त्याच्या ताब्यात जातं. थुंकीतून पसरत नाही, धुरानं होत नाही आणि करणीही नाही. डास चावल्याचं फळ आहे हे."

झेलिफानं मालिताकडे पाहिलं नाही. मालिता तिच्याकडेच बघत होती.

"ह्या गोळ्या रोज संध्याकाळी. चुकवायची नाही. बरी झाली म्हणून आपल्या मनानं बंद केलीस तर आधीपेक्षा वाईट झटका येईल, एकामागून एक, आणि जीव जाईल. समजलं? निदान दोन वर्षं. आणि पाण्यात एकटी पाठवायची नाही, चुलीजवळ एकटी बसवायची नाही. दर महिन्याला गोळ्या न्यायला कोण येणार?"

झेलिफाची मान खाली गेली. दर महिन्याला ह्या रांगेत? शाळेच्या वसतिगृहात जागा मिळवायला तिनं हेडमास्तरांचे उंबरे झिजवले होते. फेफऱ्याची पोर ते वसतिगृहात एक रात्र ठेवणार नाहीत.

"मी येईन," मालिता म्हणाली. "माझ्या न्यायच्याच असतात."

"तू कोण हिची?"

"आई."

डॉक्टरनं झेलिफाकडे बोट केलं. "मग ही कोण?"

"तीही आई. ही थोरली, मी धाकटी."

त्यांच्याकडे आईच्या बहिणीला हाच शब्द होता. उत्तरेकडच्या डॉक्टरलाही तो ठाऊक असणार, कारण त्यानं पुढं काही विचारलं नाही.

पण गावात बातमी फुटलीच. कुंपणापलीकडून कुणीतरी फात्सानीला भट्टीजवळ पडलेली पाहिली होती, आणि चार दिवसांत ती गालिसोनी मामांच्या कानावर गेली. मामा म्हणजे आईचे भाऊ, बहिणींच्या आणि भाच्यांच्या सगळ्या बऱ्यावाईटाचे मालक. राहायचे बायकोच्या गावी. सायकलवर टांग मारून आले ते मागच्या कॅरिअरवर वैदूला बसवूनच आले.

अंगणात माणसं जमली. वैदूनं भट्टीभोवती फेरी मारली, राख हातात घेऊन हुंगली, फात्सानीच्या हनुवटीला धरून डोळ्यांत पाहिलं.

"ह्या घरातल्या आगीनं एक बाई अर्धी खाल्ली आहे," तो म्हणाला. "उरलेली अर्धी अजून भुकेली आहे. ती आता ह्या पोरीला खातेय."

सगळ्यांच्या नजरा मालिताच्या हाताकडे वळल्या. तिनं हात लपवला नाही.

"ऐकलंस, पोरी?" मामा म्हणाले. "मी नाही बोलत हे. जाणता माणूस बोलतोय."

"जाणता माणूस मी पडले तेव्हा कुठं होता, मामा?"

"तोंड आवर! तू गाव सोड म्हणत नाही मी. पण ह्या अंगणात नको. बोरूच्या बेटापलीकडं जागा आहे, तिथं जा. आणि पोरीचा इलाज आजच सुरू करू. मुळी देऊन ओकाऱ्या काढायच्या, कपाळावर आणि मानेवर चिरे देऊन त्यात औषध भरायचं. पंधरा दिवस वैदूच्या घरी राहील. आणि दवाखान्याच्या कसल्याही गोळ्या घरात आल्या तर माझा शब्द संपला. औषधाला औषध मारतं."

फात्सानीनं आईचा हात घट्ट धरला. चितेंजेच्या गाठीशी झेलिफाची बोटं चाळवत होती. तिथं काल संध्याकाळच्या गोळीनंतर उरलेली पुडी होती, हे अंगणात फक्त त्या तिघींना माहीत होतं. मालिता तिच्याकडे बघत राहिली. एक शब्द बोल. डॉक्टरनं काय सांगितलं तेवढंच बोल. डास म्हणाला होता तो, तेवढं तरी बोल.

झेलिफानं मान वर केली, मामांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

आपण बोललो तर काय होईल, हे मालिताला लख्ख दिसत होतं. मामा पुडी हिसकून सरोवरात टाकतील. पोरीचं नाव दवाखान्याच्या त्या रांगेशी जोडलं जाईल आणि शाळा तिथंच सुटेल. मग वैदूचं पातं आणि एक दिवस ओळीनं झटके. डॉक्टर बोलला होता तसे.

"मामा," ती म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की मामाच दचकले. "माझ्यामुळं झालंय म्हणता ना? मी गेले की बरी होईल?"

"जाणता माणूस तसं म्हणतोय."

"मग माझं एक ऐका. दोन इलाज एकदम करू नका. मी जाते, आजच जाते. पण पोरीला पातं लावायचं नाही, मुळी द्यायची नाही. नाहीतर उद्या बरी झाली तर तुम्हाला कळणार कसं, मी गेल्यानं झाली की मुळीनं? आणि बरी नाही झाली, तर हे म्हणतील मालिता अजून गावाच्या जवळ आहे, तिला आणखी लांब हाकला. मी आणखी लांबही जाईन. पण आधी हे तर बघा."

लोकांत कुजबुज झाली. मामांना तो मुद्दा पटला. हुशारीचं बोलणं त्यांना आवडायचं, आपल्या घरातलं असलं तर जास्तच. वैदूला पटलं नाही, पण चारचौघांत त्याला स्वतःच्याच निदानावर शंका कशी घेता येणार?

"बरी झाली तर बोकड माझा," तो एवढंच म्हणाला.

मालितानं भांडी, चटई आणि जाळीच्या पट्ट्या गोळा केल्या. कुणी हात लावला नाही, उचलू लागायलाही नाही आणि अडवायलाही नाही.

बोरूच्या बेटापलीकडं दक्षिणेचा म्वेरा वारा सरळ तोंडावर यायचा आणि सगळी वाळू ताटात आणायचा. मालितानं एका हातानं माती तुडवली, एका हातानं भट्टी लिंपली. भोवती कमरेएवढा मातीचा कठडा घातला, चुकून पडलो तर आत पडू नये म्हणून. कारण इथं पाय धरून ओढायला रताळीवालीही येणार नव्हती. होड्या किनाऱ्याला लागल्या की उसेनी नाखवा तिच्या वाट्याची मासळी लांबूनच तिच्या टोपलीत भिरकावायचा.

"नेम बघ माझा!" तो हसायचा. "हात न लावता!"

"नेम चांगलाय," ती म्हणायची. "बायको पळाली तेव्हा कुठं गेला होता?"

फात्सानीचे झटके थांबले. एक महिना गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मामा सायकलवरून आले, बोकड घेऊन गेले आणि वैदूच्या दारात बांधून आले. गावात जो तो म्हणू लागला, बघा, घाण काढली आणि घर निवळलं. शेजारच्या गावातल्या लोकांनीही आपल्याकडची एक म्हातारी अंगणाबाहेर काढली म्हणतात. ते ऐकून मालिताला दोन दिवस जेवण गेलं नाही.

महिन्यातून एकदा झेलिफा मासळी घ्यायला यायची. बोरूच्या अलीकडं बायका कपडे धूत असायच्या, त्यांना ऐकू जाईल अशी दोघींची भांडणं व्हायची. टोपलीत तळाशी गोळ्यांची पुडी, तिच्यावर केळीचं पान, पानावर धुरी दिलेली मासळी. झेलिफा टोपली उचलायची आणि बोंब ठोकायची.

"हा काय मासा म्हणायचा? ह्याला मांजर तोंड लावणार नाही!"

"मग तू खा! मांजरापेक्षा तुझी जीभ लांब आहे!"

"शरम नाही तुला? ज्या घरानं पोसलं त्या घरावर उलटलीस!"

"पोसलं? उष्टं फेकलंत माझ्यापुढं!"

धुणाऱ्या बायका हात थांबवून ऐकायच्या आणि संध्याकाळी घरोघरी पोचवायच्या. हे भांडण खोटं होतं असं मात्र कुणी म्हणू नये. ते पुडी झाकण्यासाठी सुरू व्हायचं आणि मग दोघींनाही ते थांबवता यायचं नाही.

एकदा असंच बोलता बोलता मालिताच्या तोंडून गेलं, "जळत होते मी तुझ्यासमोर! पाण्याची घागर होती तुझ्या डोक्यावर!"

झेलिफाचा आवाज एकदम उतरला. आता ते धुणाऱ्या बायकांसाठी नव्हतं.

"पोटुशी होते मी. पहिल्यांदा. मामा म्हणाले, हात लावलास तर पोटातल्याला धरेल."

"तो तरी कुठं जगला," मालिता म्हणाली.

बोलून गेल्यावर ते शब्द परत घेता येण्याजोगे नव्हते. झेलिफानं टोपली डोक्यावर ठेवली. पुडी तळाशी आहे ना, हे बोटांनी चाचपून पाहिलं आणि चालू लागली. पाठ ताठ होती. मालिताला हाक मारावीशी वाटली. कुठल्या नावानं मारायची, ते ठरेपर्यंत ती बोरूआड गेली होती.

पुढच्या महिन्यात ती आली, तेव्हा पुन्हा मासळीवरूनच सुरुवात झाली.

फात्सानीला वसतिगृहात जागा मिळाली. जायच्या आदल्या दिवशी ती एकटीच, बोरूतून वाट काढत मालिताकडे आली होती.

"धाकटी आई, मी तिथं गोळी कशी घेऊ? सगळ्या एका खोलीत असणार."

"महिन्याची पुडी तुझी आई आणून देईल. खोकल्याची आहे म्हणून सांग. पाण्यासाठी बाहेर जाशील तेव्हा घे. एकदाही चुकवायची नाही, कळलं?"

"हो." मग तिनं वाळूत पायाच्या अंगठ्यानं रेघ ओढली. "मी मामाआजोबांना सांगू का? खरं काय ते? तुला परत आणतील."

"सांगून बघ!" मालिता खेकसली. "तंगडी मोडून हातात देईन. तुला शाळेतून काढतील, मला परत आणणार नाहीतच. आणि हे बघ, इकडं यायचं नाही आता. वाटेत दिसले तर बोलायचं नाही. ओळख दाखवायची नाही. बाकीच्या पोरी जे करतात ते करायचं."

"बाकीच्या तुला नावं ठेवतात."

"मग तूही ठेव. चल, नीघ."

पोरगी रडत रडत गेली. मालितानं तिला जवळ घेतलं नव्हतं. घेतलं असतं तर ती पुन्हा आली असती.

सुट्टी लागली त्या दिवशी दुपारी निळ्या गणवेशातल्या पोरींचा घोळका किनाऱ्यानं गावाकडे चालला होता. पेट्या डोक्यावर, चपला हातात. भट्टीसमोर आल्यावर एकीनं नाक दाबलं. दुसरीनं पेटी खाली ठेवली, वाळूवर आडवी झाली, डोळे फिरवले आणि हातपाय झाडायला लागली. सगळ्या खिदळल्या.

फात्सानी घोळक्याच्या मागच्या बाजूला होती. सहा महिन्यांत उंच झाली होती, गाल भरले होते. तिनं वाळूवर पडलेल्या मैत्रिणीकडे पाहिलं, मालिताकडे पाहिलं नाही. एक क्षण गेला आणि मग तीही हसली. चांगली तोंड भरून, बाकीच्यांसारखी.

चांगलं जमतंय पोरीला, असं मालिताच्या मनात आलं. तिनं भट्टीतून जळतं लाकूड ओढलं आणि कठड्याला वळसा घालून धावत सुटली.

"थांबा, रांडेच्यांनो! एकेकीला चाटते बघा! एकेकीवर थुंकते!"

पोरी किंचाळत पांगल्या. वाळूवर पडलेली उठून पेटी विसरून पळाली. पुढं ओढा होता. त्यावर टाकलेल्या निसरड्या ओंडक्यावर सगळ्यांची दाटी झाली. दोघी तर भीतीनं थेट पाण्यातूनच गेल्या. मालिता थांबली. हातातलं लाकूड धुमसत होतं. फात्सानी ओंडक्यावर चढली, डोक्यावरची पेटी एका हातानं सावरली आणि पाऊल न चुकता पलीकडं उतरली. मग ती जी पळाली, ती आधी सुटलेल्यांनाही मागं टाकत, सगळ्यांच्या पुढं.

निळा ठिपका गावातल्या झाडांत दिसेनासा होईपर्यंत मालिता तिथं उभी होती. मग लाकूड वाळूत विझवून ती परत आली आणि जाळीवरची मासळी दुसऱ्या बाजूवर पालटायला लागली.